दस्तऐवज कोठे ठेवावा? : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील दस्तऐवजीकरणाच्या जागेचा चिकित्सक विचार

सारांश : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पातील दस्तऐवजीकरण कोडसोबत ठेवावे, स्वतंत्र प्रकल्पात ठेवावे, विकीवर ठेवावे की वाचकांच्या हाती सोपवावे, हा प्रश्न बहुधा सोयीचा मानला जातो. प्रस्तुत लेखात युनिक्स, लिनक्स, पायथन, पीएचपी, जीएनयू-डेबियन आणि आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प या उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. दस्तऐवजाची जागा ठरविणे म्हणजे त्यातील चूक दुरुस्त करण्याचे उत्तरदायित्व ठरविणे होय, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजशब्द : मुक्तस्रोत, दस्तऐवजीकरण, मॅन्युअल, विकी, परवाना, उत्तरदायित्व.

१. प्रास्ताविक

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची चर्चा सामान्यतः कोडभोवती फिरते. कोड कोणाला वाचता येतो, कोणाला बदलता येतो, बदललेला कोड कोणत्या अटींवर वाटता येतो, या प्रश्नांना या चळवळीत मध्यवर्ती स्थान आहे. परंतु महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पायथन शिकणारा विद्यार्थी पायथनचा कोड वाचत नाही. तो पायथनचे मॅन्युअल वाचतो. बहुसंख्य वापरकर्त्यांच्या दृष्टीने सॉफ्टवेअर म्हणजे त्याच्याविषयी लिहिलेला मजकूरच असतो. हा मजकूर चुकीचा अथवा कालबाह्य असेल, तर कोड मुक्त असूनही त्या वापरकर्त्याला त्या मुक्ततेचा उपयोग होत नाही.

याचे परिचित उदाहरण म्हणजे पायथनमधील 'प्रिंट' ही आज्ञा. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये तिचे रूप बदलले आणि तिच्यापुढे कंस अनिवार्य झाला. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तरीही जुनी टिपणे, जुनी क्रमिक पुस्तके व जुनी पाने यांतून बिनकंसाची आज्ञा उतरवून घेणारा आणि 'त्रुटी' असा संदेश पाहून गोंधळणारा विद्यार्थी आजही आढळतो. त्याची चूक नसते. त्याने वाचलेला मजकूर अशा ठिकाणी असतो, की भाषा बदलल्यावर तोही बदलण्याचे बंधन कोणावरच नसते.

म्हणून दस्तऐवज कोठे ठेवावा, हा प्रश्न केवळ व्यवस्थापनाचा नाही. तो मजकुराच्या प्रामाण्याचा प्रश्न आहे आणि त्या नात्याने तो मानव्यविद्येच्या अभ्यासकालाही परका नाही.

२. पूर्वपरंपरा : पानाचा 'मालक'

या प्रश्नाचा विचार युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलपासून करावा लागतो. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान आणि प्रत्येक पानावर ठरावीक शीर्षके, अशी त्याची रचना होती. आज्ञेचे नाव, ती वापरण्याची पद्धत व वर्णन यांच्या जोडीला दोन शीर्षके विशेष लक्षणीय होती. एक 'दोष' आणि दुसरे 'मालक'.

'दोष' या शीर्षकाखाली त्या आज्ञेतील ज्ञात उणिवा नोंदविलेल्या असत. निर्मात्यानेच आपल्या निर्मितीतील दोष वापरकर्त्यासमोर छापून ठेवावेत, ही प्रथा व्यापारी उत्पादनाच्या माहितीपत्रकात सहसा आढळत नाही. 'मालक' या शीर्षकाखाली अडचण आल्यास कोणाला विचारावे, त्याचे नाव असे. ज्याने शेवटचा बदल केला तो मालक, असा तेथील संकेत होता. म्हणजे मूळ लेखक आणि मालक एकच असेल असे नव्हे. मालकी हा येथे हक्क नसून उत्तर देण्याची जबाबदारी होती.

पुढील काळात 'दोष' हे शीर्षक टिकले. 'मालक' हे शीर्षक मात्र गळाले. प्रकल्प वाढले, लेखक जगभर विखुरले, आणि पानावर एका व्यक्तीचे नाव लिहिणे अशक्य झाले. पण त्या शीर्षकाने उत्तर दिलेला प्रश्न नाहीसा झाला नाही. नाव लिहिता येत नसेल, तर उत्तरदायित्व कशावरून ठरवावयाचे? त्यानंतरच्या प्रकल्पांनी या प्रश्नाला जी उत्तरे दिली, ती जागेच्या निवडीतून दिली, असे म्हणता येईल.

३. लिनक्स : दोन जागा, दोन दृष्टी

लिनक्स कर्नलच्या उदाहरणात एकाच विषयाचे दस्तऐवज दोन ठिकाणी आढळतात. कर्नलच्या कोडमध्येच 'डॉक्युमेंटेशन' नावाची निर्देशिका आहे. २०१६ मध्ये ४.८ या आवृत्तीपासून तिच्यासाठी स्फिंक्स ही यंत्रणा स्वीकारण्यात आली आणि विखुरलेले मजकूर प्रशासक, ड्रायव्हर लिहिणारे, प्रकल्पात नव्याने येणारे, अशा वाचकवर्गांनुसार लावण्याचे काम जोनाथन कॉर्बेट यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. वापरकर्त्याला दिसणारा बदल कर्नलमध्ये आणणाऱ्याने त्याची नोंद याच निर्देशिकेत करावी, असे कर्नलच्या नियमावलीत सांगितले आहे.

दुसरीकडे 'मॅन-पेजेस' हा स्वतंत्र प्रकल्प आहे. कर्नलचे सिस्टिम कॉल आणि सी भाषेच्या लायब्ररीतील फलने यांची पाने तेथे लिहिली जातात. त्याचे भांडार वेगळे, त्याचा सांभाळ करणारे वेगळे. २००४ पासून सुमारे दीड दशक ही जबाबदारी मायकेल केरिस्क यांनी वाहिली.

वरवर पाहता पहिली व्यवस्था उघडच श्रेष्ठ वाटते. कोड आणि मजकूर एकाच दुरुस्तीत बदलतात, एकाच परीक्षणातून जातात, आणि जुन्या आवृत्तीचा कोड काढला की त्याबरोबर जुना मजकूरही मिळतो. स्वतंत्र प्रकल्पात असे होत नाही. कर्नलमध्ये एखादी सुविधा येऊन बराच काळ लोटल्यावर तिचे पान लिहिले जाणे, हे मॅन-पेजेसच्या बाबतीत वारंवार घडले आहे.

तथापि केरिस्क यांच्या कामाने या समजाला एक महत्त्वाची मर्यादा दाखवून दिली. एखाद्या सुविधेचे वर्णन लिहिताना ती वापरून पाहावी लागते. आणि वापरून पाहताना त्यांना अनेकदा खुद्द कर्नलमधील त्रुटी सापडल्या. काही वेळा घोषित हेतू आणि प्रत्यक्ष वर्तन यांत अंतर आढळले, तर काही वेळा मांडणीच सदोष असल्याचे दिसले. कोड लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, कारण आपल्या मनातील हेतू तो कोडमध्ये वाचत असतो. बाहेरच्या लेखकापाशी हेतू नसतो, केवळ वर्तन असते. म्हणून तो भाष्यकार न राहता साक्षीदार होतो. दस्तऐवज कोडपासून दूर ठेवण्याचा हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

परंतु या साक्षीदाराचे स्थान दुर्बल असते, हेही तितकेच खरे. केरिस्क यांच्यानंतर हे काम सांभाळणारे अलेहांद्रो कोलोमार यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आर्थिक पाठबळाअभावी आपण काम थांबवीत असल्याचे जाहीर केले. पुढे काही कंपन्यांनी साहाय्य देऊ केल्यावर ते पुन्हा सुरू झाले. जगातील असंख्य सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात, तिच्या प्राथमिक संदर्भग्रंथाची ही स्थिती आहे. कर्नलच्या कोडसाठी कंपन्या पगारी अभियंते नेमतात. वेगळ्या घरात ठेवलेला दस्तऐवज मात्र त्या खर्चाच्या हिशेबात येत नाही. जागा वेगळी केली की निष्पक्षता मिळते आणि आश्रय जातो, असा हा व्यवहार आहे.

४. पायथन : सान्निध्याची किंमत

पायथनचे दस्तऐवजीकरण प्रारंभापासून कोडच्या सान्निध्यात राहिले आहे. तरी केवळ सान्निध्याने प्रश्न सुटत नाही, हे त्याच्या इतिहासावरून दिसते. अनेक वर्षे हा मजकूर लाटेक या अक्षरजुळणीच्या भाषेत लिहिलेला होता. त्यामुळे एखादे चुकलेले वाक्य सुधारू इच्छिणाऱ्या वाचकाला आधी लाटेकची खुणापद्धती समजून घ्यावी लागे. २००७ मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांनी हा सर्व मजकूर साध्या, वाचनीय खुणांच्या पद्धतीत रूपांतरित केला. त्यासाठी लिहिलेली स्फिंक्स ही यंत्रणा २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील पायथन २.६ चे मॅन्युअल तिच्यावर तयार झाले. लिनक्स कर्नलने पुढे स्वीकारलेली स्फिंक्स ती हीच.

या बदलात मजकुराची जागा बदलली नाही. जागेचा उंबरठा खाली आला. दस्तऐवज कोडजवळ ठेवण्यास घेतला जाणारा मुख्य आक्षेप हाच असतो, की तेथे पोहोचण्यासाठी कोड लिहिणाऱ्याची साधने आत्मसात करावी लागतात. ज्याला चूक सर्वप्रथम जाणवते तो नवशिक्या, आणि ज्याला ती दुरुस्त करता येते तो जाणकार. या दोघांतील अंतर उंबरठ्याच्या उंचीवर अवलंबून असते.

पायथनने सान्निध्याचा आणखी एक लाभ घेतला. २००१ पासून पायथनसोबत असलेल्या 'डॉकटेस्ट' या साधनामुळे मजकुरातील उदाहरणे यंत्राकडून चालवून पाहता येतात. उदाहरणाचे छापलेले उत्तर आणि प्रत्यक्ष उत्तर जुळले नाही, तर चाचणी फसते. मजकूर खोटा ठरल्याची वर्दी वाचकाच्या आधी लेखकाला मिळते. अर्थात ही कसोटी उदाहरणांपुरतीच आहे. एखादी सुविधा केव्हा वापरावी, केव्हा टाळावी, हे सांगणारे वाक्य खरे की खोटे हे कोणतेही यंत्र तपासू शकत नाही. ते काम वाचकालाच करावे लागते.

५. वाचकांच्या हाती दिलेला मजकूर

वाचकालाच लेखक केले तर? विकीची कल्पना याच प्रश्नातून पुढे आली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली आणि अल्पावधीत अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांनी आपले दस्तऐवज विकीवर नेले. आर्च लिनक्सची विकी हे या पद्धतीचे यशस्वी उदाहरण आहे. आर्च न वापरणारेही तिचा आधार घेतात. मात्र तिच्या यशामागे सुस्पष्ट लेखननियम आणि सतत देखरेख करणारे संपादक आहेत, याकडे तिचे अनुकरण करणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही.

पीएचपीने मधला मार्ग स्वीकारला. तिचे अधिकृत मॅन्युअल स्वतंत्र भांडारात असून प्रत्येक पानाखाली वाचकांना टीप जोडण्याची मुभा आहे. या टिपांतून अनेकांनी पीएचपी शिकली, हे मान्य करावे लागेल. परंतु मॅन्युअलचा मजकूर भाषेबरोबर बदलत गेला आणि टिपा आपल्या तारखेवर थांबल्या. परिणामी वर अद्ययावत नियम आणि खाली त्याच्याशी विसंगत, क्वचित असुरक्षित असा जुना उपाय, असे दृश्य त्या पानांवर दिसू लागले. नवशिक्या वाचक तयार उपायच उचलतो, कारण तो चटकन वापरता येतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अनोळखी वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतून शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत पदरची ओवी घालू नये, अशी सूचनाही शेवटी जोडली. भर घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नव्हे. पण मूळ आणि भर यांतील सीमारेषा पुसली गेली होती. पीएचपीच्या पानावर ती रेषा निदान दिसते. साध्या विकीवर तीही दिसत नाही. मात्र हे साम्य येथेच थांबते. ज्ञानेश्वरीची संहिता स्थिर राहावी ही अपेक्षा असते, तर सॉफ्टवेअरची संहिता दर काही महिन्यांनी बदलते. म्हणून येथे एकदाच शुद्ध प्रत सिद्ध करून भागत नाही. शुद्धीची व्यवस्था कायम चालू ठेवावी लागते.

ती व्यवस्था प्रकल्पाबाहेरील संस्थेवर सोपविण्याचा प्रयोगही झाला. स्टॅक ओव्हरफ्लोने जुलै २०१६ मध्ये वाचकांनी लिहिलेल्या दस्तऐवजीकरणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तो बंद केला. तेथे प्रश्नोत्तरे यशस्वी झाली होती, कारण प्रश्न विचारणारा एक विशिष्ट अडचण घेऊन येतो. सर्वांसाठी लिहिलेल्या मजकुराला असा निश्चित विचारणारा नव्हता आणि निश्चित उत्तरदायीही नव्हता.

जागा उसनी असण्याचा धोका आणखी निराळा. गुगल कोड या सेवेवर अनेक प्रकल्पांचे कोड व विकी एकत्र नांदत होते. ती सेवा बंद होणार असल्याचे मार्च २०१५ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. ज्यांचे चालक जागे होते त्यांनी आपला मजकूर हलविला. पण इतर लेखांतून, पुस्तकांतून व उत्तरांतून त्या पानांकडे केलेले निर्देश निराधार झाले. कोडच्या प्रती अनेकांच्या संगणकांवर असतात. विकीची प्रत सहसा कोणी घेत नाही.

६. परवान्याची जागा

आतापर्यंत जागा हा शब्द स्थलवाचक अर्थाने वापरला. तिला कायदेशीर बाजूही आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरला मुक्त मॅन्युअलचीही गरज असल्याचे आग्रहाने मांडले, आणि २००० मध्ये जीएनयू मुक्त दस्तऐवज परवाना अस्तित्वात आला. या परवान्यात काही विभाग 'अपरिवर्तनीय' घोषित करण्याची सोय आहे. ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये जीएनयूचा जाहीरनामा अशा रीतीने सुरक्षित केलेला आहे.

डेबियन प्रकल्पाने मार्च २००६ मध्ये या प्रश्नावर मतदान घेतले. अपरिवर्तनीय विभाग नसलेली मॅन्युअले मुक्त मानावीत, असे विभाग असलेली मानू नयेत, असा कौल मिळाला. त्यामुळे ईमॅक्सचा आणि जीसीसी या कंपायलरचा कोड डेबियनच्या मुख्य विभागात राहिला, तर त्यांची मॅन्युअले 'अमुक्त' विभागात गेली. डेबियनवर जीसीसी बसविणाऱ्याला त्याचे मॅन्युअल आपोआप मिळत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या आद्य प्रवर्तकांचे ग्रंथ मुक्ततेच्या कसोटीवरच वेगळे काढले गेले, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय.

डेबियनचा निर्णय तत्त्वतः सुसंगत होता, यात शंका नाही. जो मजकूर बदलता येत नाही, त्याला बदलत्या कोडसोबत प्रवास करता येत नाही. परंतु त्याची किंमत वापरकर्त्याने दिली. दोन परवाने म्हणजे दोन जागाच, मग मजकूर आणि कोड एकाच निर्देशिकेत का असेनात.

७. आपल्याकडील संदर्भ

आयआयटी मुंबई येथे प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प अनेक महाविद्यालयांतील अध्यापकांच्या परिचयाचा आहे. सायलॅब, लाटेक, पायथन, लिब्रेऑफिस यांसारख्या मुक्तस्रोत साधनांचे लहान दृक्-श्राव्य पाठ तेथे तयार होतात आणि मराठीसह भारतीय भाषांत त्यांचे ध्वनिमुद्रण केले जाते. या विवेचनाच्या दृष्टीने पाहता हे मूळ प्रकल्पांपासून पूर्णतः दूर ठेवलेले दस्तऐवजीकरण आहे. मूळ सॉफ्टवेअर बदलले, की पाठ आपोआप बदलत नाही. मजकुरातील एक ओळ सुधारणे सोपे असते. ध्वनिचित्रफीत पुन्हा करावी लागते, आणि तीही प्रत्येक भाषेत.

तथापि या प्रकल्पात तीन गोष्टी विचारपूर्वक केलेल्या दिसतात. पाठाच्या प्रारंभीच तो कोणत्या कार्यप्रणालीवर व सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीवर तयार केला, ते सांगितले जाते. पाठ अंतिम करण्यापूर्वी तो विषयतज्ज्ञाप्रमाणेच नवशिक्याकडूनही तपासून घेण्याची पद्धत आहे. आणि पाठांच्या लिखित संहिता विकीवर खुल्या आहेत. पहिल्या गोष्टीमुळे पाठ जुना झाला तरी खोटा ठरत नाही. तो आपल्या आवृत्तीपुरता खरा राहतो. आवृत्तीचा उल्लेख न करणाऱ्या अनेक इंग्रजी मार्गदर्शिकांपेक्षा हा प्रामाणिकपणा अधिक मोलाचा आहे. उणीव आहे ती पुढच्या टप्प्यावर. पाठ वर्गात वापरणाऱ्या अध्यापकाला तो कालबाह्य झाल्याचे लक्षात येते. परंतु ती जाणीव लिखित संहितेपर्यंत पोहोचविणे हा आपल्याकडे शैक्षणिक कामाचा भाग मानला जात नाही.

येथे भाषेचा प्रश्नही येतो. पायथनने २०१७ मध्ये पेप ५४५ या प्रस्तावाद्वारे भाषांतरित मॅन्युअलांना अधिकृत पत्त्याखाली जागा दिली. मात्र प्रत्येक भाषेचे भांडार वेगळे ठेवले आणि त्या भाषेच्या गटावर त्याची जबाबदारी सोपविली. दर्शनी जागा एक आणि दुरुस्तीची जागा अनेक, अशी ही विभागणी आहे. मराठीतील तांत्रिक दस्तऐवजांचा विचार करताना हे प्रारूप अधिक उपयुक्त वाटते. केवळ उत्साहाने केलेले व नंतर बेवारस झालेले भाषांतर वाचकाला मुळापेक्षा अधिक फसवू शकते, कारण ताडून पाहण्यासाठी मूळ वाचण्याची सोय त्याला नसते.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दस्तऐवजाची एकच आदर्श जागा नाही. संदर्भस्वरूपाचा मजकूर, म्हणजे फलने, पर्याय व संदेश यांची वर्णने, कोडसोबतच असावा; कारण त्यातील सत्य कोडबरोबर बदलते.

२) नवशिक्यासाठी लिहिलेली मार्गदर्शिका कोडपासून दूर, वाचकाजवळ असण्यास हरकत नाही. मात्र तिच्यावर आवृत्तीचा उल्लेख आणि सांभाळणाऱ्याची ओळख असणे अनिवार्य मानावे.

३) बाहेरच्या लेखकाची दृष्टी कोडमधील दोष उघड करते. म्हणून स्वतंत्र दस्तऐवज प्रकल्पांना दुय्यम न समजता त्यांना आर्थिक आश्रय मिळावयास हवा.

४) विकी ही जागा आहे, व्यवस्था नव्हे. संपादकांशिवाय सुरू केलेली विकी म्हणजे उत्तरदायित्व टाळण्याचा मार्ग ठरते.

५) मजकूर आणि कोड यांचे परवाने परस्परांशी सुसंगत नसतील, तर ते एकत्र ठेवूनही वेगळे पडतात.

युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमधील 'मालक' हे शीर्षक आता परत आणता येणार नाही. परंतु दस्तऐवजाची जागा निवडताना प्रत्येक प्रकल्पाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : उद्या कोड बदलला, तर हे वाक्य बदलण्याचे बंधन कोणावर आहे? या प्रश्नाला उत्तर असेल, तर मजकूर कोठेही सुरक्षित राहील. उत्तर नसेल, तर तो खुद्द कोडच्या शेजारी ठेवूनही कालबाह्य होईल, आणि त्याची किंमत तो मजकूर विश्वासाने वाचणारा विद्यार्थी देत राहील.